भाकरी ताटातली कमी करा, सायकलवरचे केळे नव्हे

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला आहे. वय ४७, वजन ८१ किलो, उंची ५ फूट ८ इंच. चार वर्षांपासून सायकल चालवतो. आठवड्यात दोनदा पंचवीस-तीस किलोमीटर आणि रविवारी सत्तर ते शंभर. गेल्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेबारा तासांत पूर्ण केली, यंदा ३०० ची करायची आहे. मध्यंतरी तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ६.० आले. औषधे कोणतीही चालू नाहीत, पण आईला मधुमेह आहे. आमच्या गटातील नानांनी पाच महिन्यांपासून भाकरी, भात, साखर बंद केली आहे. त्यांचे वजन नऊ किलोंनी उतरले आणि ते जामनेर-पहूरपर्यंत काहीही न खाता येतात. गटातली तरुण मुले मात्र दर अर्ध्या तासाला जेल (साखरेच्या घट्ट पाकाची पाकिटे) खातात आणि आम्हाला मागे टाकून निघून जातात. नानांचे ऐकून मी तीन आठवडे कर्बोदके जवळपास बंद ठेवली. तिसऱ्या रविवारी अजिंठ्याच्या घाटात पाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि टेम्पोत सायकल टाकून परतावे लागले. घरी वेगळा स्वयंपाक करून पत्नीही वैतागली आहे. कमी कर्बोदके खावीत की जास्त? — एक सायकलस्वार, भुसावळ

उत्तर : अजिंठ्याच्या घाटात जे घडले त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही, पण ते मान्य करण्याआधी एक गोष्ट करून घ्या. वय ४७, साखर सीमेवर आणि श्रमात अंधारी, हे तिन्ही एकत्र आले असताना एकदा हृदयाची तपासणी करून घेणे योग्य ठरेल. छातीवर दडपण किंवा धडधड असे काही त्या दिवशी जाणवले असेल, तर पुढच्या रविवारी सायकल बाहेर काढू नका, आधी डॉक्टर. तसे काही नसेल आणि तपासणी निर्दोष निघाली, तर राहिलेला प्रश्न अन्नाचा आहे, असे समजून पुढे वाचा.

शरीरातला साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो फार मोठा नसतो. नेहमीचे जेवण जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास. उलट चरबीचा साठा सडपातळ माणसाजवळही सत्तर-ऐंशी हजार किलोकॅलरींचा असतो. नानांचा सारा युक्तिवाद याच दोन आकड्यांवर उभा आहे, आणि आकडे खरे आहेत. मात्र साठा किती आहे यापेक्षा तो मिनिटाला किती वेगाने वापरता येतो, हा घाटातला खरा प्रश्न असतो. तुमच्या वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी वीस-बावीस किलोमीटरने चालवतो तेव्हा तासाला ४०० ते ४५० किलोकॅलरी खर्च होतात, आणि या गतीला चरबी बराचसा भार उचलते. घाटाच्या पायथ्याचे फर्दापूर सोडून चढ लागला की तोच खर्च ६५०-७०० वर जातो, आणि वाढलेला हा भार उचलायला स्नायू साखरच मागतात, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये साखरेतून अधिक ऊर्जा निघते. एक लिटर ऑक्सिजन वापरून साखरेपासून सुमारे ५.० किलोकॅलरी मिळतात, चरबीपासून सुमारे ४.७. फरक किरकोळ वाटेल, पण दम आधीच लागलेला असताना तो किरकोळ राहत नाही.

तुम्ही तीन आठवडे साखरेचा साठा भरूच दिला नव्हता. चरबी वेगाने वापरायची सवय शरीराला अजून पुरती लागली नव्हती आणि जुना साठा तर संपत आलेला होता. त्यात मिठाचा भाग आहे, जो खानदेशात विसरून चालत नाही. कर्बोदके एकदम बंद केली की रक्तातले इन्शुलिन उतरते आणि मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात. शिवाय ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, तेही जाते. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो आणि सगळे खूश होतात, त्यातला मोठा वाटा हे पाणीच असते. अशा कोरड्या, मीठ कमी झालेल्या शरीराने तापी खोऱ्याच्या उन्हात पन्नास-साठ किलोमीटर चालवून वर घाट चढायचा म्हटल्यावर अंधारी येण्यात नवल काहीच नाही.

मग नाना काही न खाता पहूरपर्यंत कसे येतात? त्यांना महिने उलटून गेले आहेत, हे एक. दीर्घकाळ अत्यल्प कर्बोदके खाणाऱ्या शरीराची चरबी जाळण्याची गती खरोखरच वाढते. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदीर्घ पल्ल्याच्या वीस धावपटूंची तुलना केली होती. त्यातले दहा जण सरासरी वीस महिने कमी कर्बोदकांवर होते. त्यांची चरबी जाळण्याची कमाल गती मिनिटाला १.५ ग्रॅमच्या वर, तर नेहमीचा आहार घेणाऱ्यांची ०.६७ ग्रॅम निघाली. दीड ग्रॅम म्हणजे तासाला आठशे किलोकॅलरी. नाना त्या धावपटूंच्या निम्म्यापर्यंत पोहोचले असतील, तरी सपाटीवरच्या संथ गतीला त्यांचे काम भागते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते : नऊ किलो वजन उतरलेला माणूस कोणत्याही इंधनावर चढ अधिक सहज चढतो. नानांची प्रगती किती कर्बोदके सोडल्यामुळे आणि किती हलके झाल्यामुळे, हे त्यांनाही सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी घडले. तिसरे असे की, जामनेर-पहूरपर्यंत ते कोणत्या गतीने येतात आणि पहूरनंतर काय होते, हे तुमच्या पत्रात नाही. पुढच्या वेळी घाटात त्यांच्या मागे राहून बघा.

या वादाची शास्त्रीय बाजू थोडी सविस्तर सांगतो, कारण दोन्ही पक्षांचे लोक हवा तेवढाच भाग उचलतात. स्कँडिनेव्हियात १९३९ सालीच प्रयोग झाले होते आणि कर्बोदकांचा आहार घेतलेली माणसे जास्त वेळ पेडल मारू शकतात असे दिसले होते. १९६०च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी स्नायूंत सुई घालून ग्लायकोजेन मोजले आणि कारणही दाखवले : साठा जेवढा मोठा, तेवढा थकवा उशिरा. पुढची कित्येक वर्षे यावर कुणी फारशी शंका घेतली नाही. कमी कर्बोदकांचे समर्थक ज्या अभ्यासाचा हवाला हमखास देतात, तो १९८३ चा आहे. पाच चांगल्या सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला वीस ग्रॅमांपेक्षाही कमी कर्बोदकांवर ठेवले, मीठ-खनिजे मात्र वेगळी दिली. थकेपर्यंत सायकल चालवण्याची त्यांची सरासरी वेळ आधी १४७ मिनिटे होती, नंतर १५१ झाली. म्हणजे कर्बोदकांवाचून क्षमता टिकली, असे नाना म्हणतील, आणि ते खोटे नाही. पण माणसे पाचच होती, एकाची वेळ खूप वाढली तर इतर काहींची घटली, आणि सगळी चाचणी त्यांच्या कमाल क्षमतेच्या साठ-पासष्ट टक्के एवढ्या एकसारख्या मध्यम गतीला घेतलेली होती. त्या प्रयोगशाळेत घाट नव्हता, समोरचा वाराही नव्हता.

रस्ता एकसारखा नसला की काय होते, ते दक्षिण आफ्रिकेतल्या २००६ च्या अभ्यासात दिसते. आठ सायकलपटूंना सहा दिवस चरबीचा आहार देऊन, सातव्या दिवशी कर्बोदके भरून, मग १०० किलोमीटरची शर्यतवजा चाचणी घेतली, ज्यात अधूनमधून एक आणि चार किलोमीटरचे जोराचे टप्पे होते. एकूण वेळेत ठोस फरक पडला नाही, मात्र एक किलोमीटरच्या जोराच्या टप्प्यात ताकद स्पष्टपणे कमी पडली. म्हणजे आदल्या दिवशी साखर भरूनही ती हवी तेव्हा पुरेशी वापरता येत नाही, कारण चरबीच्या सवयीने साखर जाळणारी यंत्रणाच काही प्रमाणात मंदावते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटाने जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर तीन आठवड्यांचा प्रयोग केला. सराव सगळ्यांचा सारखाच, दमसासही सगळ्यांचा वाढला. पण १० किलोमीटरची वेळ सुधारली ती कर्बोदके खाणाऱ्यांची. कमी कर्बोदकांच्या गटाची सुधारली नाही, कारण त्याच गतीला त्यांना अधिक ऑक्सिजन लागू लागला होता. हाच प्रयोग त्यांनी पुढे पुन्हा केला तेव्हाही निकाल तसाच आला.

तुम्ही शर्यतपटू नाही, हे मला माहीत आहे, आणि या अभ्यासांतले बहुतेक लोक तुमच्याहून बरेच तरुण होते. तरीही घाट तुमच्या वाटेत आहे, दुपारचा पश्चिमेचा वारा आहे, महामार्गावर ट्रक मागून आला की दहा-वीस सेकंद जोर लावून बाजूला व्हावे लागते. हे सगळे साखरेवर चालणारे काम आहे. तेव्हा सायकलवर बसलेले असताना कर्बोदके तोडणे, हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

आता जेलवाल्या मुलांकडे येतो. हल्ली मोठ्या स्पर्धांतले व्यावसायिक सायकलपटू तासाला १०० ग्रॅमच्याही वर कर्बोदके घेतात आणि समाजमाध्यमांवर तेच आकडे फिरतात. मात्र ते लोक तासाला तुमच्या दुप्पट ऊर्जा खर्च करतात आणि पोटाला महिनोन्‌महिने ती सवय लावतात. आतड्यातून ग्लुकोज आत घेणाऱ्या वाहकांची मर्यादा तासाला साधारण ६० ग्रॅम आहे. त्यावर जायचे तर फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, बरोबर लागते, कारण ते वेगळ्या वाटेने शोषले जाते, आणि अडीच तासांहून अधिक जोराच्या श्रमासाठीच ९० ग्रॅमपर्यंतचा सल्ला दिला जातो. तुमच्या गतीला तासाला ४० ते ५० ग्रॅम पुरेसे आहेत, घाटाच्या दिवशी ६०. यापेक्षा जास्त घेतले तर ते पोटात गुडगुडेल आणि खिशाला भुर्दंड पडेल, एवढेच.

आणि हे ४०-५० ग्रॅम मिळवायला जेल लागत नाही, हे जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला मी सांगावे, हेच थोडे चमत्कारिक आहे. रावेर-यावलच्या बागेतले एक चांगले पोसलेले केळे सोलल्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम भरते आणि त्यातून साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदके मिळतात. म्हणजे तासाला दोन केळी. पिकलेल्या केळ्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि साधी साखर तिन्ही असतात, त्यामुळे शोषणाच्या दोन्ही वाटा आपोआप वापरल्या जातात. अमेरिकेत २०१२ साली चौदा सायकलपटूंना ७५ किलोमीटरच्या चाचणीत एकदा केळी आणि एकदा क्रीडापेय दिले गेले, तेव्हा वेळेत काही फरक पडला नाही. (अभ्यासाचा पैसा केळी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा होता, हे सांगितले पाहिजे, पण ज्याच्याशी तुलना केली ते क्रीडापेयही काही कच्चे नव्हते, त्यामुळे निकाल मला पटतो.) केळे निवडताना सालीवर तपकिरी ठिपके आलेले घ्या. दांड्याशी हिरवट असलेल्या केळ्यात न पचणारा स्टार्च जास्त असतो, तो पोट फुगवतो आणि लवकर साखरही देत नाही. केळ्याचा कंटाळा आला तर राजगिऱ्याचे लाडू, गुळाचा खडा, खजूर चालतील. शेंगदाण्याची चिक्की चवीला उत्तम, पण तिच्यातली चरबी पोटात वेळ काढते, म्हणून ती घाटाच्या आधी नको, सपाट रस्त्यावर घ्या.

खाणे सुरू कधी करायचे, यात बहुतेकांचे चुकते. भूक लागल्यावर किंवा पाय जड झाल्यावर खाल्लेले पोहोचेपर्यंत घाट संपलेला असतो किंवा तुम्ही संपलेले असता. निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात पहिला घास जायला हवा, आणि नंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धे केळे किंवा दोन-तीन घोट गोड पाणी. केळीच्या बागेला आपण ठिबकने पाणी देतो, तसेच हे द्यायचे. दोन तास कोरडे ठेवून एकदम पाट सोडायचा नाही. गोड पाण्यासाठी ७५० मिलीलिटरच्या बाटलीत चहाचे आठ-नऊ सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू पुरे. त्यातून साधारण चाळीस ग्रॅम साखर आणि सहाशे मिलिग्रॅम सोडियम जाते. ज्या तासाला ही बाटली पूर्ण संपवाल, त्या तासाला अर्धे केळे पुरे.

ओआरएसच्या पुडीबद्दल एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. अनेक जण बाटलीत ती टाकून 'ताकद आली' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते, म्हणजे अर्ध्या केळ्याएवढे, कारण ते जुलाबात पाणी आणि मीठ शोषले जावे म्हणून बनवलेले आहे. घामाने गेलेल्या मिठासाठी ते चांगले. इंधन म्हणून त्याचा हिशेब धरू नका. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी परतणे हा कुठल्याही पेयापेक्षा चांगला उपाय आहे, कारण उष्णतेत स्नायू ग्लायकोजेनही जास्त वेगाने संपवतात.

आता तुमच्या एचबीएवनसीकडे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व पातळी धरतात. तुम्ही तिच्या मध्याला आहात, आईला मधुमेह आहे, आणि भारतात या पातळीवर १३ कोटींहून अधिक लोक असल्याचा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. काळजी घ्यायलाच हवी. पण 'मला साखर सीमेवर आहे, मग मी सायकलवर साखर कशी खाऊ?' या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. दीड-दोन तास पेडल मारल्यावर खाल्लेले केळे आणि कार्यालयात खुर्चीवर बसून चहाबरोबर खाल्लेली खारी-बिस्किटे, यांचे रक्तातले वर्तन सारखे नसते. तासाभराच्या आतल्या आठवड्यातल्या राइडला मात्र काहीच खायची गरज नाही. सकाळची ती हळू राइड रिकाम्या पोटी, नुसते पाणी घेऊन केली तरी चालेल, आणि नानांच्या पद्धतीतली तेवढी गोष्ट जरूर उचला.

तुमच्यासाठी खरी कपात ताटात आहे. आपल्याकडची परातीत थापलेली जाडसर भाकरी बघा. एका भाकरीला ऐंशी ते शंभर ग्रॅम पीठ जाते, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदके. केटो म्हणून जो आहार सांगतात त्याची दिवसाची मर्यादा पन्नास ग्रॅमच्या आत असते, म्हणजे एका भाकरीतच ती ओलांडली जाते. नानांच्या वाटेने जायचे तर खानदेशी स्वयंपाकघर बंद करावे लागते, कारण डाळीतही कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक कर्बोदके असतात. वहिनींचा वैताग म्हणूनच रास्त आहे. दोन वेळच्या तीन-तीन भाकऱ्या आणि वर भात, हे जेवण शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाचे होते. तुम्ही आठवड्यातले पाच दिवस टेबलाशी बसता. त्या दिवशी जेवणाला एकच भाकरी ठेवा, भात एकाच वेळी आणि वाटीभर, साखर फक्त चहात आणि तीही निम्मी. भरीत, मेथी, गिलकी, पालेभाजी यांनी अर्धे ताट भरू द्या. यात वेगळा स्वयंपाक कुठेच करावा लागत नाही; सगळ्यांसाठी जे शिजते तेच, वाढण्याचे प्रमाण तेवढे बदलते.

भाकरी कमी झाल्यावर तिच्या जागी काय येते, हे पाहणे महत्त्वाचे आहे, नाहीतर रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडला जातो. तुमच्या वजनाला आणि सरावाला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत, आणि बहुतेक शाकाहारी घरांत ती निम्मीच पोटात जातात. डाळ घट्ट करा, मटकी-हरभऱ्याची उसळ रोज असू द्या, दही-ताक वाढवा. अंडी चालत असतील तर दोन-तीन घ्या. कळण्याची भाकरी या बाबतीत नुसत्या ज्वारीपेक्षा सरस, कारण तिच्यात उडीद असतो. शेंगदाण्याची चटणी चांगलीच, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनांबरोबर चाळीसहून अधिक ग्रॅम चरबीही असते, तेव्हा चमचा मोजून.

वजनाचे लक्ष्य पाच ते सहा किलोंचे ठेवा. अमेरिकेतल्या २००२ च्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते, आणि मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. त्या लोकांना कर्बोदके नव्हे तर चरबी कमी करायला सांगितले होते. २०१८ साली स्टॅनफर्डने सहाशेहून अधिक लोकांना वर्षभर कमी चरबी आणि कमी कर्बोदके अशा दोन गटांत ठेवले, तेव्हा एकाचे सरासरी ५.३ आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन उतरले, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. वजन कमी व्हायला नानांचा एकच मार्ग आहे असे नाही. ज्याला जो टिकवता येतो तो त्याचा.

रविवारचा हिशेब वेगळा. शनिवारी रात्री भाकरी-भात पोटभर खा, भरपूर तंतू असलेली भाजी मात्र कमी, म्हणजे पहाटे पोट हलके राहते. सकाळी सहाला निघायचे असेल तर चारला उठून पोहे रांधायची गरज नाही. निघण्याआधी दोन केळी आणि चहा, आणि पुढे वर सांगितल्याप्रमाणे. परतताना ढाब्यावर थांबून शेवभाजी, तीन पोळ्या आणि वर जिलेबी, ही जी प्रथा अनेक गटांत आहे, तिच्यावर माझा आक्षेप आहे. सत्तर किलोमीटरला तुम्ही पंधराशे किलोकॅलरींच्या आसपास खर्च करता, आणि तर्रीवरचे तेल धरून तेवढ्या सहज परत येतात. मग महिनाभर सायकल चालवूनही वजन का उतरत नाही, असे विचारत लोक मला पत्रे लिहितात. महिन्यातून एकदा ठीक आहे.

तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची मुदत वीस तासांची असते. तुमच्या गतीने सायकलवरचे सोळा-सतरा तास धरले तर खर्च साडेसहा हजार किलोकॅलरींच्या घरात जाईल. तासाला ४५ ग्रॅम घेतलेत तर खाण्यातून तीन हजार येतील, साठ्यातून दीड-दोन हजार, आणि उरलेले दीड हजार चरबीतूनच येणार, दुसरा मार्गच नाही. कर्बोदके खाणारा चरबी जाळत नाही, असे कुणी म्हणत असेल तर ते म्हणूनच चुकीचे आहे. तुम्हीही त्या दिवशी दोनशे ग्रॅमच्या आसपास चरबी जाळाल, फक्त घाटासाठी साखर शिल्लक असेल. दहा तासांनंतर गोडाची शिसारी येते. तेव्हा मिठाचे काहीतरी हवे : उकडलेला बटाटा, इडली, मऊ खिचडी, मीठ लावलेली पोळी. तळलेली कचोरी-भजी रात्रीसाठी टाळा, ती पोटात बसून राहतात. यातले कोणतेही अन्न त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. आधीच्या दोन-तीन शंभरीच्या राइडमध्ये वापरून पाहिलेले असावे.

शेवटी, गटात हे पत्र वाचून दाखवलेत तर दोघांसाठी निरोप आहे. ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी नानांचा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर लांबच्या राइडमध्ये धोकादायकरीत्या उतरू शकते. आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे चालू असताना कर्बोदके बंद केली, तर साखर फारशी न वाढताच रक्त आम्लयुक्त होण्याची गंभीर अवस्था येऊ शकते. नानांना असे सांगा की, त्यांना हा आहार मानवत असेल आणि गती संथच ठेवायची असेल तर तो चालू ठेवायला माझी हरकत नाही, पण लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी करून घ्यावी, कारण तूप-पनीर-खोबऱ्यावर काही जणांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरेच चढते.

तुमचे एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करा. त्याआधी केल्यास बदल पुरता दिसत नाही. त्याबरोबर यकृताच्या चाचण्याही सांगितल्या असतील, तर रक्त मोठ्या राइडच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका. थकलेल्या स्नायूंमुळे एएसटी हे यकृताच्या चाचणीत मोजले जाणारे एंझाइम वाढलेले दिसते आणि मग नसलेल्या यकृतविकाराच्या मागे धावाधाव होते. मधे चार-पाच दिवस विश्रांतीचे जाऊ द्या आणि प्रयोगशाळेत लांब सायकल चालवत असल्याचे सांगा.